आईआप्पांच्या चालीने पंढरपूर

पंढरपूरला गेलेला माणूस आधी चंद्रभागेला जातो, मग पुंडलिकाच्या पाया पडतो आणि त्यानंतर विठ्ठलाकडे वळतो. आमच्या आप्पांनी घरातल्या सगळ्या पोरांना हाच क्रम शिकवला. गुडघे साथ देत होते तोवर त्यांनी आळंदीहून पायी वारी केली. आता ऐंशी ओलांडली आहे, काठीशिवाय अंगणातही जाता येत नाही. आईला तर वारी कधी घडलीच नाही. आषाढीच्या दिवसांत पेरणी असते. आप्पा दिंडीत निघाले की गुरंढोरं, रान आणि आम्ही भावंडं तिच्या गळ्यात. म्हणून यंदा मार्गशीर्षात दोघांना एकत्र पंढरीला न्यायचं आणि त्यांना झेपेल त्याच चालीने न्यायचं ठरवलं.

आम्ही पाच जण होतो: आई, आप्पा, वहिनी, गाडी चालवायला पुतण्या आणि मी. दादाची कांद्याची लागण चालू होती, त्याला रान सोडता येईना. जुन्नरकडच्या आमच्या घरी आईआप्पांचं रोजचं सगळं वहिनी बघते. मी पुण्यात राहते, सणावाराला जाते. त्यामुळे या प्रवासात दोघांचं करायचं ते मी करणार, वहिनीने नुसतं फिरायचं, असं मी तिला बजावून ठेवलं होतं. गुरुवारी तिचा आणि आईचा मार्गशीर्षातला उपवास. घट मांडायचा तर बुधवारी रात्री पुण्यात माझ्या घरी परत पोचायला हवं, एवढीच काय ती वेळेची अट.

रविवार : पालखीच्या वाटेने

पुण्याहून टेंभुर्णीमार्गे सोलापूरच्या महामार्गाने लवकर पोचता येतं. पण आप्पा म्हणाले, "मला माझ्या वाटेने ने." मग दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण अशी माउलींच्या पालखीची वाट धरली. जिथे त्यांनी पावसात चिखल तुडवला होता तिथे आता रुंद रस्ता झाला आहे. आप्पा काचेला नाक लावून ओळखीची झाडं शोधत होते. बरीच सापडली नाहीत.

नीरेच्या पुलावर त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. इथे माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब, पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं ती जागा. आषाढात इथे पाय ठेवायला जागा नसते. आत्ता एक चहाची टपरी आणि दोन कुत्री. आप्पा काठी टेकत उतरले आणि टोपी काढून रस्त्यालाच नमस्कार केला. त्यांच्या गळ्यातली माळ बघून टपरीवाला तरुण पाया पडायला आला. आप्पांनी त्याच्या पायाला हात लावल्यावर तो बिचारा गडबडला. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, समोरचा कोणीही असो, माउलीच. त्याला हे ठाऊक होतं, पण एवढ्या म्हाताऱ्या माणसाने वाकावं हे त्याला सोसेना. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

तिथेच आई आप्पांना म्हणाली, "तुम्ही इथं रिंगण बघायचा तेव्हा माझी पाभर चालू असायची."

आप्पा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू पेरत होतीस म्हणून तर माझी वारी घडली."

त्यानंतर वेळापूरपर्यंत त्यांनी तिला एकेक मुक्काम सांगितला. कुठे तंबू उडाला, कुठे कोणी तापात रात्रभर उशाशी बसलं, बरडच्या विहिरीचं पाणी कसं होतं. इतक्या वर्षांत हे सगळं तिने पहिल्यांदाच ऐकलं. मधे एका खानावळीत ज्वारीची भाकरी आणि बाजार आमटी खाल्ली. सोलापूरकडची ही सगळ्या डाळींची झणझणीत आमटी आईआप्पांच्या पोटाला चालणारी नव्हती. त्यांच्यासाठी मालकिणीने न सांगता वेगळं साधं वरण टाकलं. "माझी सासूबी अशीच, तिखाट चालत न्हाई," म्हणाली.

ज्यांच्या सोबत वयस्क माणसं असतील त्यांच्यासाठी थोडं लिहिते. दर दीड तासाने थांबा, त्यांनी "नको" म्हटलं तरी थांबा. आपल्यामुळे पोरांना उशीर होतो म्हणून ते लघवी दाबून बसतात आणि पाणी प्यायचं बंद करतात. घडीचं कमोड स्टूल डिकीत टाका. मठांत आणि खानावळींत बहुतेक ठिकाणी उकिडवं बसायचे संडास असतात, गुडघ्याच्या माणसाला ते अशक्य होतं. औषधांचं पुडकं हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाला नको.

वेळापूरच्या अलीकडे वारकरी कळसाच्या ओढीने धावत सुटतात, तो धावा. ती जागा आली तेव्हा आप्पांनी टाळी वाजवून "पुंडलिक वरदा हरि विठ्ठल" म्हटलं आणि सगळ्यांनी साथ दिली. पुतण्यानेसुद्धा, एरवी त्याच्या कानात गाणी असतात. वाखरीला, जिथे सगळ्या पालख्या एकमेकींना भेटतात, तिथे सूर्य कलला. भक्तनिवासात खोली आधीच घेतली होती, लिफ्टजवळची मागून.

रात्री मी आप्पांचे पाय चेपायला बसले. वहिनी पलीकडून म्हणाली, "ताई, तिथं नाही. पोटरीच्या मागं, जरा वर." हात तिथे नेला आणि आप्पांनी सुस्कारा सोडला. रोज चेपणाऱ्यालाच दुखणारी जागा माहीत असते.

सोमवार : पुंडलिक, मग पांडुरंग

सकाळी चंद्रभागेवर धुकं होतं. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून इथे तिचं नाव चंद्रभागा. पाणी उजनी धरणातून सोडतील तसं कमीजास्त होतं, आत्ता बेताचं होतं. महाद्वार घाटाच्या पायऱ्या आप्पांनी एकेक करत उतरल्या, एका बाजूला नातू, एका बाजूला मी. चाकाची खुर्ची नेली होती, पण ती वाळूत रुतते, घाटावरच ठेवावी लागली. पुंडलिकाचं देऊळ नदीच्या पात्रात आहे. पावसाळ्यात पूर आला की ते पाण्यात जातं. इथली पूजा परंपरेने महादेव कोळी समाजाकडे आहे.

आईला वाळूत टेकायला जागा करून दिली आणि आप्पांनी नातवाला पुंडलिकाची गोष्ट सांगितली. आम्ही सगळ्यांनी ती शंभरदा ऐकलेली. पण ते देऊळ समोर असताना ऐकायची पहिलीच वेळ.

जानुदेव आणि सत्यवती यांचा हा मुलगा. लग्न झाल्यावर बायकोच्या सुखात आईबापांना विसरला. काशीच्या यात्रेला निघाला तेव्हा बायको त्याच्या खांद्यावर बसलेली आणि म्हातारे आईबाप पायी. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे त्याला दिसलं की मळक्या कपड्यांच्या काही बायका आल्या, आश्रम झाडला, सडा घातला, पाणी भरलं आणि जाताना त्या लख्ख होऊन गेल्या. तो आडवा गेला. त्या म्हणाल्या, आम्ही गंगा, यमुना, सरस्वती. लोक आमच्यात पापं धुतात, त्याने आम्ही मळतो. इथला ऋषी आईबापांची सेवा करतो, त्याच्या दारात राबलं की आम्ही निर्मळ होतो. ज्या गंगेसाठी हा काशीला निघाला होता ती गंगाच इथे झाडलोट करत होती. पुंडलिक तिथून मागे फिरला.

पुढचं सर्वांना पाठ आहे. रुसून दिंडीरवनात आलेल्या रुक्मिणीला शोधत द्वारकेहून कृष्ण आला आणि पुंडलिकाच्या दारात उभा राहिला. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. तो उठला नाही. हातासरशी वीट मागे टाकली, यावर उभा राहा म्हणाला. देव उभा राहिला, तो अठ्ठावीस युगं झाली, उभाच आहे.

मला या कथेत फार मोलाचं वाटतं ते असं की तिने पुंडलिकाचं आधीचं वागणं झाकलेलं नाही. तो जन्मतः श्रावणबाळ नव्हता. आईबापांना त्याने पायी चालवलं होतं. आणि तो बदलला तो नरकाच्या भीतीने नव्हे, दुसऱ्याच्या घरी चाललेली सेवा डोळ्यांनी पाहून. नंतर देवाने वर माग म्हटलं तेव्हाही त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही. इथेच राहा, येईल त्याला भेट, एवढंच मागितलं. वारकऱ्यांच्या जयघोषात या माणसाचं नाव विठ्ठलाच्याही आधी येतं, ते उगाच नाही. आईबापांना सांभाळणं ही धर्माच्या कडेला असलेली एक चांगली सवय आहे असं आपल्या संतांनी कधी मानलं नाही. तिला त्यांनी देवाच्या पुढचं स्थान दिलं आणि देवाकडूनच कबूल करून घेतलं.

गोष्ट संपल्यावर पुतण्याने विचारलं, "आणि त्याची बायको? ती नंतर कुठे गेली?"

आप्पा म्हणाले, "तीही सेवेत लागली."

"मग तिचं नाव काय?"

आप्पांना सांगता येईना. मलाही नाही. गोष्टीच्या पहिल्या अर्ध्यात दोष तिच्यावर येतो आणि दुसऱ्या अर्ध्यात ती दिसेनाशी होते. घराघरांत भाकरी थापणारी, चादरी बदलणारी, रात्री दोनदा उठणारी बहुतेक तीच असते. मी वहिनीकडे पाहिलं. ती आईच्या पायातले मोजे काढत होती.

आप्पांना स्नान करायचं होतं. डॉक्टरांनी गार पाण्याला मनाई केलेली, शिवाय पाणीही पूर्वीसारखं स्वच्छ राहिलेलं नाही. शेवटी पुतण्या तांब्या भरून आला आणि वाळूत गुडघे टेकून त्याने आधी आज्जीचे आणि मग आप्पांचे पाय धुतले. कोणी सांगितलं नव्हतं. टाचांच्या भेगांतून हात फिरवून व्यवस्थित धुतले. आई म्हणाली, "आटप रे, पाणी लई गार आहे." आप्पा काही बोलले नाहीत, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. पुजाऱ्यांनी आतून बुक्का आणून सगळ्यांच्या कपाळाला लावला.

(वडीलधाऱ्यांना नदीवर न्यायचं असेल तर ऊन वर आल्यावर, साडेआठनंतर न्या. पाणी डोक्याला लावा, तीर्थ म्हणून पोटात घेऊ नका. पाय पुसायला कोरडा टॉवेल आणि घालायला कोरडे मोजे पिशवीत हवेत.)

तिथून नामदेव पायरी. महाद्वारातली ही पहिली पायरी पितळेने मढवलेली आहे, तिच्यावर कोणी पाय देत नाही. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी १३५० मध्ये इथे समाधी घेतली. त्यांच्याबरोबर घरची माणसंही गेली अशी परंपरा आहे. आईला नामदेवांपेक्षा त्यांच्या आईची, गोणाईची ओढ. पोरगं देवाच्या नादी लागलं, घराकडे बघत नाही, म्हणून गोणाई विठ्ठलाशी भांडायला गेली होती. आई पायरीला हात लावून म्हणाली, "बरोबरच होतं बाईचं." मला ते पटलं. देवाच्या नावाखाली घरातल्यांना उघड्यावर टाकणाऱ्याला जाब विचारायची जागा या संप्रदायाने एका आईला दिली आणि तिचं भांडण जपून ठेवलं. समोर चोखोबांची समाधी आहे. आप्पा तिथे जास्त वेळ थांबले.

दर्शनाच्या रांगेत आमच्या पुढे विजापूरकडचा एक माणूस होता, पन्नाशीचा, धोतर नेसलेला. पाठीवर त्याची आई. अगदी लहानखुरी, मान त्याच्या खांद्यावर टाकलेली. त्याला मराठी जेमतेम, आम्हाला कानडी शून्य. तो तिला "अव्वा" म्हणायचा आणि आमच्याकडे बघून "पांडुरंग" म्हणायचा, तेवढ्यावर सगळं बोलणं चाललं होतं. आम्ही बरेच पुढे सरकलो असताना अव्वाने त्याच्या कानात काही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तिला बाहेर न्यायला हवं होतं आणि रांग सोडली की पुन्हा पहिल्यापासून. मागच्या दिंडीतल्या एका माउलीने त्याच्या हातातली पिशवी घेतली, त्याच्या जागी फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "जावा तुम्ही. ही आमची वीट. देव थांबतोय." हे त्याला शब्दाने कळलं नसेल, पण पिशवी बघून कळलं. तो आईला घेऊन गेला. रांग सरकली की ती पिशवीही कोणीतरी पुढे सरकवत होतं. तो परत आला तेव्हा त्याची जागा जशीच्या तशी होती, आणि मग रांगेतल्या प्रत्येकाने अव्वाच्या पायाला हात लावला.

सोळखांबीत गरुडखांबाला आप्पांनी मिठी मारली. पुढे गाभारा. पायांवर डोकं ठेवायला मिळतं ते क्षणभर. आप्पांना वाकता येईना, तेव्हा नातवाने कमरेला धरून वाकवलं. आईने दोन्ही हात पायांवर ठेवले आणि तिथल्या गडबडीतही सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "अगं, खरंच विटेवर उभा आहे." जन्मभर ऐकलेलं तिने हाताने पाहिलं होतं. मला गाभाऱ्यातलं फारसं काही आठवत नाही, तिचे ते हात आठवतात. मग मागच्या बाजूला रखुमाईचं वेगळं देऊळ. तिथे आईने आणि वहिनीने ओटी भरली.

पायावर दर्शनाची रांग झेपणार नसेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती लवकर सरकते, आणि त्यात काही उणं नाही. एकादशी आणि शनिवार-रविवार टाळा. मोबाइल खोलीवरच ठेवा, आत नेता येत नाहीत. नैवेद्य आणि पोशाखाच्या वेळी दर्शन थोडा वेळ थांबतं, त्या वेळा आणि ज्येष्ठांसाठीची सोय मंदिर समितीच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

दुपारी आईआप्पा झोपले. संध्याकाळी मी आणि पुतण्या तनपुरे महाराजांच्या मठाकडे गेलो. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून इथे उपोषण केलं होतं. आईवरच्या मायेसाठी सारा महाराष्ट्र ज्याला ओळखतो त्या माणसाने देवाच्या दारात प्राण पणाला लावले, ही एकाच स्वभावाची दोन रूपं आहेत असं मला वाटतं. आपल्या आईवर ज्याचं खरं प्रेम आहे त्याला दुसऱ्याच्या आईला देवळाबाहेर उभं केलेलं बघवत नाही. ज्या दाराबाहेर चोखोबा आयुष्यभर उभे राहिले ते दार त्या उपोषणानंतर उघडलं. परतल्यावर आप्पांना सांगितलं, तर ते चोखोबांच्या समाधीजवळ एवढा वेळ का थांबले होते तेही कळलं. त्यांच्या पहिल्या दिंडीत दोन जातींच्या पंगती वेगळ्या बसायच्या. आप्पांचे वडील त्या दिवशी उठून पलीकडच्या पंगतीत जाऊन बसले होते. आपल्या वडिलांचा हा अभिमान ते इतकी वर्षं मनात बाळगून होते.

मंगळवार : विष्णुपद, गोपाळपूर

मार्गशीर्षात देव राउळात नसतो, विष्णुपदावर असतो असं पंढरपूरकर मानतात. त्यामुळे या महिन्यात घरोघरची माणसं डबे घेऊन तिकडे जेवायला जातात. घाटावरून नावेने निघालो. आईला नावेत चढवायला नावाड्याने स्वतःचा गुडघा पायरीसारखा पुढे केला. "पाय द्या आज्जी, रोज शंभर जण देतात."

विष्णुपद म्हणजे नदीकाठचा दगडी खांबांचा उघडा मंडप. खडकावर देवाची पावलं आणि गाईची खुरं उमटलेली आहेत, कृष्णाने इथे गोपाळांबरोबर काला केला असं सांगतात. आम्हीही सकाळीच एका ओळखीच्या घरून भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि पंढरपुरी म्हशीचं दही बांधून घेतलं होतं. लांबच लांब शिंगांच्या या म्हशी इथे रस्त्यातच उभ्या करून दूध काढून देतात. वारा होता, ऊन कोवळं होतं. शेजारी बसलेल्या कुटुंबाने वांग्याची भाजी वाढली, आम्ही चटणी दिली. आप्पांनी पंधरा दिवसांत खाल्ली नव्हती तेवढी भाकरी खाल्ली. मी भाकरी दह्यात कुस्करून द्यायला लागले, तर आई म्हणाली, "त्यांना नको भरवू, हात चालतात त्यांचे. मागतील तेव्हा दे." तेही शिकण्यासारखंच होतं. करता येतं ते माणसाला करू द्यावं.

गोपाळपूर तिथून जवळच. टेकाडावरचं कृष्णाचं देऊळ, चढायला दगडी पायऱ्या. पौर्णिमेला इथे गोपाळकाला झाला की वारी संपते. आप्पा पायथ्याशीच बसले, "माझं झालंय इथलं." आईला मात्र जनाबाईचं जातं बघायचंच होतं. पुतण्या खाली बसला, "चल आज्जी, पाठुंगळी." आधी तिने त्याला शिव्या घातल्या, मग चढली, आणि वरपर्यंत हसत होती. ती इतकी हसलेली मी गेल्या काही वर्षांत पाहिली नव्हती.

जनाबाई गंगाखेडची. लहान असतानाच दामाशेटींच्या घरी आली, आईबापांचं छत्र राहिलं नाही. दळताना, कांडताना तिने विठ्ठलालाच आई म्हटलं, आणि तो तिच्यासोबत दळायला बसला. पुंडलिकाला आईबापांत देव सापडला, जनीला देवात आईबाप. आई जात्याचा खुंटा धरून म्हणाली, "असं दळणाला कोणी बसलं असतं तर बरं झालं असतं बाई." मग वहिनीला जवळ बोलावून तिचाही हात खुंट्यावर ठेवला.

संध्याकाळी बाजारात काशीकापडी समाजातल्या एका कारागिराकडे तुळशीच्या माळा बघितल्या. छोट्या यंत्रावर मणी काढायचं काम चालू होतं. पुतण्या म्हणाला, मला माळ घालायची आहे. वाटलं, आप्पा हरखून जातील. आप्पा म्हणाले, "अजून नको. वर्षभर एकादशी धर, खोटं बोलणं सोड, आईला उलटून बोलू नको. मग मी स्वतः आणून घालतो." माळ घेतली, पण ती आप्पांच्या खिशात गेली. प्रसादाला चुरमुरे, बत्तासे, पेढे आणि शेजाऱ्यांसाठी बुक्क्याच्या पुड्या घेतल्या.

बुधवार : मंगळवेढ्यावरून परत

मंगळवेढा पंढरपूरहून पंचवीस किलोमीटरच्या आत आहे, बाजूला वळण पडलं तरी जरूर जा. काळीभोर जमीन आणि पोटऱ्यात आलेली ज्वारी, नजर जाईल तिथवर. मालदांडीची भाकरी इथे खावी. आप्पा शेतकरी, गाडी थांबवून कणीस चाचपून आले. "पाणी नसताना असं पीक. जमिनीत जीव आहे."

दामाजीपंतांचं देऊळ गावातच आहे. बिदरच्या बादशहाचा हा अंमलदार. दुष्काळात त्याने सरकारी धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली. बादशहाने पकडून बोलावलं, तेव्हा विठ्ठलच विठू महार होऊन बिदरला गेला आणि धान्याची किंमत भरून आला, अशी कथा. हेच गाव चोखोबांचं. १३३८ मध्ये गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते इथे गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली.

देवळाजवळच्या एका घरात पाणी मागितलं तर मावशींनी आत बोलावून हुलग्याचं माडगं पाजलं. गरम, गुळमट, घट्टसर. म्हाताऱ्या माणसांना थंडीत हे रोज द्यावं, हाडांना बळ येतं म्हणाल्या. वहिनीने कृती विचारून घेतली: हुलगे भाजून जाडसर दळायचे, पाण्यात शिजवायचे, गूळ आणि चिमूटभर मीठ. निघताना मावशींनी किलोभर हुलगे पिशवीत घातले आणि आईच्या पाया पडल्या. आईही वाकायला गेली, त्यांनी तिला धरून उभं केलं.

परतीला टेंभुर्णीचा महामार्ग घेतला. या रस्त्याला स्वच्छ संडास आणि सावलीतले थांबे जास्त आहेत, थकलेल्या माणसांना तोच बरा. आप्पा झोपले होते. इंदापूरच्या आसपास मी वहिनीला विचारलं, तुला काय आवडलं.

ती म्हणाली, "सगळंच." मग बऱ्याच वेळाने, "ताई, माझ्या आईने पंढरपूर बघितलेलं नाही. भाऊ पुण्यामुंबईत, तिला न्यायला कोण आहे?"

पुढच्या सीटवरून आप्पांचा आवाज आला. झोपलेले नव्हते. "मला आधी का नाही बोललीस? गाडीत जागा होती."

गुरुवारी माझ्या घरी घट मांडला. पूजा झाल्यावर आप्पांनी दादाला फोन लावायला लावला आणि ठरवूनच टाकलं: माघी एकादशीची गर्दी ओसरली की वहिनी तिच्या आईला घेऊन जाईल, गाडी पुतण्या चालवेल, आणि तेवढे दिवस घरचं पाणी तापवणं, गोळ्या देणं आणि पाय चेपणं दादा करेल. दादा म्हणाला, मला गोळ्यांतलं काही कळत नाही. वहिनीने त्याच संध्याकाळी गोळ्यांचा कागद लिहायला घेतला. चाकाची खुर्ची आणि कमोड स्टूल मी माझ्याकडे न ठेवता गाडीतच पाठवलं आहे.